अर्धी जाहिरात, पूर्ण सासुरवाडी

जाहिरात कशी करावी हे अख्ख्या औसा तालुक्यात एकट्या दयानंदलाच कळतं, असं दयानंदचं ठाम मत होतं! लोक टीव्हीवर जाहिरात लागली की पाणी प्यायला उठतात. दयानंद मालिका लागली की उठायचा आणि जाहिराती सुरू झाल्या की परत येऊन बसायचा. साबण, मसाले, कुकर, गुडघेदुखीचं मलम, सगळ्यांचे संवाद त्याला तोंडपाठ. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा घाबरून त्यानं कपडे धुण्याच्या पावडरीची ओळ म्हटली होती. बायकोच्या माहेरी, किल्लारीत, त्या गोष्टीची चेष्टा सहा वर्षं झाली तरी चालूच आहे.

तर अशा ह्या दयानंदच्या घरी लाकडी घाणा आला. म्हणजे आणला तो ऋतुजानं, त्याच्या बायकोनं. दहा दिवसांचं प्रशिक्षण तिनं घेतलं, घाणा तिनं पसंत केला, घराला लागून पत्र्याचं शेड तिनं ठोकून घेतलं. करडी किती वाळलेली हवी, घाणा कधी थांबवायचा, पेंड मुठीत दाबून तिच्यात तेल किती उरलंय ते कसं ओळखायचं, सगळं तिला यायचं. दयानंदकडं बाटल्या भरायचं काम होतं. त्यातही चाचणीचं तेल भरतानाच नरसाळं तिरकं धरतो म्हणून त्याला बोलणी बसायची.

"परवा सुरू करू," ऋतुजा म्हणाली. "भोंग्याच्या रिक्षातून गावोगाव सांगायचं. करडीचं ताजं तेल हाय, डोळ्यासमोर काढून मिळंल, या. बास!"

"बास?" दयानंद ताडकन उभा राहिला. "ह्याला जाहिरात म्हणत न्हाईत, ऋतुजा. ह्याला दवंडी म्हणतात!"

"मग जाहिरात कशाला म्हणतात?"

"जाहिरातीत बाई लागती."

"मी बाईच हाय की!"

"तशी न्हाई गं. जाहिरातीतली बाई! ती आधी रडती. मग शेजारीण तिला अक्कल शिकवती. मग ती नवऱ्याला वाढती. नवरा खूश झाला की हासती."

"आन् तेल कोण काढतं?"

"त्ये जाहिरातीत येत न्हाई."

ऋतुजानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि मग करडीच्या पोत्याकडं. पोतं निवडायचं राहिलं होतं आणि वाद घालायला वेळ नव्हता. "करा काय करायचं ते," ती म्हणाली. बायकोच्या ह्या वाक्याला परवानगी समजणारा नवरा दयानंद पहिला नव्हे!

दुपारी घरातच रेकॉर्डिंग झालं. नवरा दयानंद, बायको ऋतुजा, शेजारीणसुद्धा ऋतुजाच, आवाज बारीक करून. सुरुवातीला नवऱ्यानं भाजीवरून बायकोवर कडाडायचं होतं. पण सहा वर्षांत दयानंदचा आवाज घरात कधी चढलाच नव्हता. तो म्हणायला लागला, "ही काय भाजी हाय?", तर आणखी थोडी मागितल्यासारखं वाटायचं.

"आवो, रागवायलात का भाजीची खुशाली इचारायलात?" ऋतुजा म्हणाली. "पोटातून आवाज काढा!"

अकराव्या वेळेला तो पोटातून निघाला. "ही काय भाजी हाय? माणसानं खावी का जनावरानं? चालती हो! ह्या घरात तुला जागा न्हाई!" आणि खण्णकन थाळी! ती थाळी तोपर्यंत इतक्यांदा आपटून झाली होती की तिला दोन ठिकाणी पोचे आले होते. मग ऋतुजाची पाळी. तिला काही केल्या रडू येईना, म्हणून चार कांदे चिरले. आणि मग तिनं नाक ओढत, "मी आता कुठं जाऊ?" असं काही म्हटलं, की दयानंदच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं कांद्याचंही असेल.

इथवर सगळं ठीक होतं. पण तेवढ्यात दयानंदला आणखी एक कल्पना सुचली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

"ऋतुजा! पहिल्या दिवशी अर्धीच वाजवायची! थाळी फेकली, बाई रडली, बंद! कुणाची बाई, कसलं तेल, काईच सांगायचं न्हाई. लोकायला चैन पडणार न्हाई बघ. मग दुसऱ्या दिवशी राहिलेली अर्धी!"

"लोकायला चैन असती तर भोंगा कशाला ऐकले असते?" ऋतुजा म्हणाली. पण दयानंदची गाडी आता उताराला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याचा रिक्षावाला गुंडप्पा आला. त्याचं मशीन पेनड्राइव्ह काही वाचेना. मग दयानंदनं ऋतुजाचा फोनच वायरीनं भोंग्याला जोडून दिला. रेकॉर्डिंग त्याच्यातच होतं. स्वतःचा का नाही दिला? तर त्याला धंद्याचे फोन यायचे होते! धंद्याचा एकही फोन त्याला तोपर्यंत आलेला नव्हता. ऋतुजाला लातूरहून बाटल्या आणायच्या होत्या आणि यष्टी गाठायची घाई होती, त्यामुळे ती काही न बोलता निघून गेली.

"गुंडप्पा, एक ध्यानात ठेव," दयानंद खरखरत म्हणाला. कालच्या अकरा खेपांनी त्याचा घसा पार बसला होता. "कुणी काय बी इचारू दे, कोण, कुठली, कशाचं. आपण एकच सांगायचं. उद्या कळंल!"

"फिकीर करू नका, भाऊ," गुंडप्पा म्हणाला, आणि रिक्षा गेली.

पुढं किल्लारीत काय झालं ते दयानंदला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, पण आपण ते सलग ऐकू. गुंडप्पाला सांगितलं होतं औसा आणि आसपासची खेडी. पण त्या दिवशी किल्लारीचा बाजार होता, आणि गुंडप्पा मनाचा मोठा. त्याला वाटलं, वहिनीचं माहेर, तिथं नाही वाजवायची तर कुठं? किल्लारीतले रस्ते भूकंपानंतर आखलेले, रुंद आणि सरळ. भोंगा एका टोकाला बोलला की दुसऱ्या टोकाच्या ओसरीवर शब्दन् शब्द कळतो. त्यात ऋतुजाचा आवाज तिथं नवा नव्हता. शाळेच्या गॅदरिंगपासून हळदीकुंकवापर्यंत गावातला प्रत्येक माईक लग्नापर्यंत तिच्याच हातात असायचा!

पहिल्या फेरीला भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. "आरं, ही तर शेषेरावची ऋतुजा!" दुसऱ्या फेरीला, "आन् ह्यो त्यो उखाण्याचा जावई!" तिसऱ्या फेरीपर्यंत बाजारात निकाल लागला होता. आजकालच्या पोरी शिकलेल्या. छळ सोसवेना, तेव्हा पोरीनं चोरून रेकॉर्डिंग केलं, आणि पुरावा म्हणून सरळ भोंग्यावर सोडून दिलं! सगळं कसं एकमेकांत चपखल बसत होतं.

ऋतुजाची आई गुणाबाई दारात तूर पाखडत होती. कोपऱ्यावरून भोंगा रडला, "मी आता कुठं जाऊ?" गुणाबाईनं सूप टाकलं आणि तशीच रस्त्यावर धावली. "घरला ये गं माझे बाय! आम्ही काय मेलोत का?"

भोंग्यानं उत्तर दिलं, "ही काय भाजी हाय?"

मग ऋतुजाच्या काकांनी, अण्णारावांनी, तिला फोन लावला. तर पलीकडं रिक्षाच्या डोक्यावरचा भोंगा रिंग द्यायला लागला! सगळ्या बाजारभर तो फोन वाजला. गुंडप्पाला तो बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं, म्हणून तो हात जोडून बसला. तेवढ्यात माणसांनी रिक्षाला वेढा घातला.

"ह्यो फोन कुणाचा?" ऋतुजाचे वडील शेषेराव गरजले.

"वहिनीचा."

"तुझ्यापाशी कसा?"

"दयानंदभाऊंनी दिला. म्हणले, दिवसभर ठेव, तिला लागत न्हाई."

"आन् ती कुठं हाय? काय केलं तिचं?"

गुंडप्पा दिल्या शब्दाचा पक्का माणूस. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "उद्या कळंल."

पाचच मिनिटांत जीप निघाली.

इकडं दयानंद शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. जीप थांबली, तिच्यातून भराभर नऊ माणसं उतरली, आणि दयानंदचं काळीज आनंदानं भरून आलं. ह्याला म्हणतात उत्सुकता! एक दिवस आधीच गिऱ्हाईक! तो हात जोडून पुढं झाला आणि बसल्या घशातून म्हणाला, "या, या! राहवलं न्हाई ना?"

"न्हाई राहवलं," शेषेराव म्हणाले.

तेव्हा कुठं दयानंदनं चेहरे पाहिले. सासरे, सासू, चुलत सासरे आणि बाजारात हातातलं काम टाकून आलेले सहा गावकरी. चहाला आलेली ही माणसं नव्हेत हे त्यालाही कळलं.

"आवाजाला काय झालं?" अण्णारावांनी विचारलं.

"बसला."

"कशानं?"

"वरडून," दयानंद म्हणाला. खरं बोलायची सवय वाईट नसते, पण तिला वेळकाळ कळत नाही!

गुणाबाई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पोचे आलेली थाळी घेऊन बाहेर आली. आत चार कांदे चिरून पडले होते आणि चूल थंड होती. तिनं थाळी सगळ्यांना फिरवून दाखवली. बाजारवाल्यांपैकी एकानं ती हातात घेऊन पोचा बोटानं चाचपला आणि मान हलवली.

"लेक कुठं हाय माझी?"

"लातूरला, मामी. बाटल्या आणायला."

"लातूरला? दवाखान्यात?" गुणाबाई किंचाळली.

"न्हाई वो! तेलाच्या बाटल्या! मामी, मामा, ती जाहिरात हाय! घाण्याची!"

"जाहिरात?" शेषेरावांनी हात वर केला. "जावईबापू, आम्ही खेड्यातले असू, पण जाहिरात आम्हाला बी कळती. जाहिरातीत वस्तू असती. ह्याच्यात वस्तू कुठं हाय? नुसती शिवी हाय आन् माझी लेक हाय!"

वस्तू दयानंदनंच उद्यावर ढकलली होती.

तो आत गेला, ताटात पाण्याचे नऊ पेले घेऊन आला आणि एकेकाला पाणी द्यायला लागला. पहिल्यानं मान फिरवली. दुसऱ्यानंही. नऊच्या नऊ माणसांनी पाण्याला हात लावला नाही! जावयाच्या घरचं पाणी सासुरवाडीनं नाकारणं म्हणजे काय, हे सांगायला कुठल्या जाहिरातीची गरज नव्हती. सोयरीक संपायच्या आधी हेच होतं.

"ती आली की तिला घेऊन जाणार," शेषेराव शांतपणे म्हणाले. "आन् परत पाठवायचं का न्हाई, ते तिच्या आईनं ठरवायचं."

घाणा बंद पडला असता ते सोडा. ऋतुजा नसेल तर ह्या घरात आपण कशासाठी यायचं, हेच दयानंदला सुचेना. त्याला आता रडायलाच आलं, आणि ह्या खेपेला कांदा लागला नाही.

मग त्याला आठवलं. दुसरी अर्धी! अण्णारावांनी तो फोन जप्त करून बरोबरच आणला होता. "काका, एकदा पुढचं ऐका! पुढं सगळं चांगलं होतंय!" त्यानं अण्णारावांच्या हातातल्याच फोनवर दुसरा भाग लावला.

अंगणात शेजारणीचा बारीक आवाज घुमला. "अगं वेडे, रडतेस काय? चूक तुझीच! करडीचं तेल वापर, म्हणजे नवरा तुला घरात ठेवील!" मग नवरा, मिटक्या मारत, "वा वा! आता शोभतेस माझी बायको! ये, ह्या घरात तुला जागा आहे!" मग लाजल्याचा आवाज. "इश्श! मी धन्य झाले!"

संपलं. दयानंदनं आशेनं सगळ्यांकडं पाहिलं.

"म्हंजे," शेषेराव सावकाश म्हणाले, "भाजी जमली म्हून तिला घरात घेतली?"

"जाहिरातीत, मामा."

"आन् ह्ये घर कुणी बघून घेतलं होतं?"

"ऋतुजानं."

"तेल कोण काढतं?"

"ऋतुजा."

"त्ये ह्याच्यात कुठं हाय?"

काल जे वाक्य दयानंदनं ऐटीत म्हटलं होतं, ते आज त्याच्या घशातून निघेना. तसा घसा बसलेलाच होता.

"पहिलं अर्धं ऐकून राग आला होता," गुणाबाई म्हणाली. "ह्ये ऐकून कीव यायली. भाजी आवडली न्हाई तर ह्येनं सोता करावी की! आन् ही शेजारीण कोण टवळी? माझ्या लेकीला चूक तुझीच म्हणती?"

"ती बी ऋतुजाच हाय, मामी."

"आन् तिच्याच तोंडानं तिलाच शिव्या!" अण्णाराव उसळले. म्हणजे सुटकेसाठी लावलेल्या पुराव्यानं दयानंद आणखी एका गुन्ह्यात अडकला!

तेवढ्यात दारात टमटम थांबली. रिकाम्या बाटल्यांची दोन पोती खाली आली आणि त्यांच्या मागून, केसांत धूळ, पदर खोचलेला, ऋतुजा. दयानंदला ती इतकी सुंदर लग्नातसुद्धा दिसली नव्हती.

"आई? काका? आता गं बया, उद्घाटन उद्या हाय की!"

गुणाबाईनं धावत जाऊन तिचे दोन्ही दंड धरले. उलटसुलट करून पाहिले. पाठ पाहिली, कपाळ पाहिलं. "खरं सांग. भ्यायचं न्हाई. मारतो का तुला?"

"कोण?"

"ह्यो!"

ऋतुजानं दयानंदकडं पाहिलं. हातात नऊ भरलेल्या पेल्यांचं ताट, डोळे लाल, घसा गेलेला. तिनं थाळी पाहिली, अण्णाराव पाहिले, त्यांच्या हातातला स्वतःचा फोन पाहिला, आणि तिला सगळं एका झटक्यात कळलं. ती बाटल्यांच्या पोत्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली!

"आई! ह्येंना झुरळ मारायला बी मी लागते गं!"

आधी गुणाबाई हसली. मग बाजारवाले. शेषेरावांनी थोडा वेळ दम धरला, मग मिशीतल्या मिशीत हसत हात पुढं केला, एक पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. ते पाहून दयानंद उरलेले आठ पेले घेऊन तिथंच अंगणात मटकन खाली बसला.

"चाळीस मिनिटं तहान मारून बसलो होतो," शेषेराव म्हणाले. "आणा दुसरा."

मग चहा झाला. चिरलेल्या कांद्यांची भजी झाली, करडीच्या तेलात. ती खाता खाता गुणाबाईनं फर्मान काढलं. सगळ्या बाजारानं लेकीचं रडणं ऐकलं, आता सगळ्या बाजारानं खरं ऐकायचं. पण ते दुसरं अर्धं वाजलं तर ती स्वतः रिक्षापुढं आडवी पडणार!

एवढ्यात गुंडप्पा परत आला, खुशीत. "भाऊ, लई चालली जाहिरात! किल्लारीत तर माणसं रिक्षाच्या मागं पळत होती!"

ऋतुजानं फोन हातात घेऊन रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एका दमात बोलली. "मी ऋतुजा. घाणा माझा हाय, तेल मी काढते. करडी तुमच्यासमोर घालीन, तेल तुमच्यासमोर निघंल. काल ऐकलं ते नाटक होतं. मी खुशाल हाय. या."

"ह्याच्यात भावना कुठं हाय?" दयानंदला राहवलं नाही. नऊ माणसांनी त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा राहवलं.

फोन बंद व्हायच्या आत गुणाबाई पुढं वाकली आणि म्हणाली, "आन् आमचे जावई चांगले हायत. जाहिरात तेवढी भिकार होती." ते आत गेलं ते गेलंच. काढायला कुणी तयार होईना.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत गुंडप्पानं हीच जाहिरात गावोगाव वाजवली, आणि नऊलाच शेडपुढं बायकांची गर्दी! किल्लारीच्या, औशाच्या, मधल्या वाड्यांच्या. निम्म्या तेलाला आल्या होत्या आणि निम्म्या ऋतुजा धड आहे ना ते बघायला. पण घाणा फिरायला लागला तसा सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. ऋतुजा हातानं पेंड दाबून दाखवत होती, बायका वास घेत होत्या, प्रश्न विचारत होत्या, घरची करडी आणली तर काढून देशील का म्हणत होत्या. दुपारच्या आत तेल संपलं. दयानंदनं नरसाळं सरळ धरून सगळ्या बाटल्या भरल्या आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

शेवटची बाटली निलंग्याकडच्या गंगम्मा आजींची. चष्मा वर करून त्यांनी दयानंदला नीट न्याहाळलं.

"तूच न्हवं का रे त्यो थाळी फेकणारा?"

"ते नाटक होतं, आजी. मी खरंच फेकत न्हाई."

"बरं. मग घरात भाजी कोण करतंय?"

"ऋतुजा."

"आन् तेल?"

"तीच काढती."

"मग तू काय करतूस?"

दयानंदनं बराच विचार केला. "मी," तो हळूच म्हणाला, "जाहिरात करतो."

गंगम्मा आजींनी चष्मा खाली केला, बाटली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मग ही यष्टीपर्यंत आणून दे."

त्यानं निमूटपणे दिली. वाटेत त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि दयानंदनं देवाचे आभार मानले.